काचेआडचा भुंगेरा

शोधायची ती आणि नवी जात म्हणून स्वतःच्या नावावर जाहीर करायचे ते; असे तिचे दोन भुंगेरे विभागप्रमुखांनी आधीच ढेकर न देता पचवले होते. तिसरा सापडला तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. फक्त त्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं, आणि सकाळी भुंगेरा गायब!

यथावकाश सरांनी नवी जात जाहीर केली, तिला बायकोचं नाव दिलं आणि तो भुंगेरा संग्रहालयात काचेआड गेला. आता तोच त्या जातीचा प्रमाण नमुना. असा नमुना पुढे कधीच टाकून देता येत नाही. शंका आली की जगभरचे अभ्यासक तोच काढून तपासतात.

समारंभात सर तिच्या कानाशी लागले. "मनाला लावून घेऊ नकोस गं. एकेकाचं नशीब असतं."

"छे हो सर, अभिनंदन!" ती गोड हसली. "फक्त दमट हवेपासून जपा त्याला."

"का?"



"डोकं दुसऱ्याच जातीच्या भुंगेऱ्याचं आहे. मीच डिंकाने चिकटवलंय, खास तुमच्यासाठी."