मुठीवरचा हात

चित्रकार पार वैतागला होता. चित्रमालिकेतल्या तलवारबाजाने आजच्या अंकात तलवार उपसली नाही, तर संपादक मालिकाच बंद करणार होते. पण उपसलेली तलवार कितीही वेळा काढली, तरी शाई वाळेपर्यंत ती म्यानात परतायची आणि मुठीवर त्याचा हात घट्ट आवळलेला दिसायचा.

"अहो, कुणावर खेकसताय?" बायकोने आतल्या खोलीतून विचारलं.

"या शहाण्यावर! मोठा संयमाचा पुतळा लागून गेलाय!"

त्याने चिडून पांढरा रंग फासला आणि तो हातच नाहीसा केला.

खर्रकन पातं सरकल्याचा आवाज झाला. कागदावरचं म्यान रिकामं होतं.

"अहो, चेष्टा पुरे झाली," आतून बायको म्हणाली. "आधी ती तलवार खाली ठेवा."