एकाच बाजूच्या खुणा

डोळ्यांसमोर एक बसथांबा आणा बरं. रानाच्या पलीकडे, माळ उतरून गेल्यावर लागतो तो. पत्र्याचं छप्पर, एक बाक, आणि खांबाला तारेने बांधलेला कागद. कागदासमोर एक म्हातारा आणि त्याची नऊ वर्षांची नात उभी आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा.

"या थांब्यावरची बससेवा बंद करण्यात आली आहे," नातीने मोठ्याने वाचलं.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्मा पुसल्याने मजकूर काही बदलला नाही.

"आता काय करायचं हो?"

"आता काय, आल्या वाटेने परत. रानाच्या त्या टोकाला साडेपाचची शेवटची बस मिळेल. चल भिंगरे, पाय उचल."

आजोबांना काळजी वाटली नाही, कारण वाट त्यांचीच होती. बसने फिरायला येणाऱ्या लोकांना रान ओलांडून माळावर जाता यावं, म्हणून तीस वर्षं त्यांनीच झाडांच्या बुंध्यांवर पिवळे पट्टे रंगवले होते.

माळावर सोपं होतं. गुडघ्याएवढी झुडपं, मधून एकच पायवाट, आणि पाठीवर गार वारा. तासाभराने ती दोघं रानात शिरली, आणि तिथे वाटेला तीन फाटे फुटले. लाकडं वाहणाऱ्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या. तिन्ही सारख्याच रुंद.

आजोबांनी पट्टा शोधला. एका झाडावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही.

"आजोबा, तुमच्या खुणा कुणी पुसल्या का?"

"माझा रंग पुसणारा अजून जन्मायचाय. नीट बघ."

नात मधल्या वाटेने धावत गेली आणि तिने वळून पाहिलं. मग डावीकडच्या वाटेने गेली. तिथून तिची हाक आली, "आहे! इथे आहे! पण झाडाच्या पलीकडच्या अंगाला!"

आजोबा चालत तिथवर गेले. पट्टा होता, चांगला ठसठशीत. माळाकडे जाणाऱ्याला दिसेल असा. माळाकडून येणाऱ्याला नुसती साल दिसत होती.

"सगळे पट्टे एकाच बाजूला काढलेत तुम्ही," नात म्हणाली.

आजोबांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. तीस वर्षं ते सकाळच्या बसने रानाच्या त्या टोकाला उतरत, रंगवत रंगवत रान पार करत, माळ ओलांडत आणि माळापलीकडच्या थांब्यावरून बसने घरी जात. उलट चालत यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आणि ओळखीचं रान पाठमोरं पाहिलं की परकं होतं, हे त्यांना आज कळलं.

चार वाजून गेले होते. थंडी वाढत होती आणि आजोबांचे गुडघे कुरकुरत होते. बस चुकली तर सकाळपर्यंत इथून कुणी जाणार नव्हतं.

मग नातीने एक रीत काढली. आजोबांनी सापडलेल्या झाडाला हात लावून उभं राहायचं. तिने पुढे पळायचं, वळून बघायचं, आणि पट्टा दिसला तरच हाक द्यायची. हाक आल्याशिवाय आजोबांनी जागा सोडायची नाही. दर फाट्यावर तिला दोन-दोन, तीन-तीन हेलपाटे पडत होते. धाप लागली तरी ती थांबत नव्हती.

अकराव्या झाडाशी हाक आली, पण आजोबा हलले नाहीत. नात परत आली. ते मुळावर बसले होते.

"दमलात?"

"तुझ्या चित्रकलेच्या बाई गेल्या हिवाळ्यात याच रानात चुकल्या होत्या ना?"

"हो. माळावरून परत येताना. दोन रात्री इथेच होत्या. अजून काठी टेकत वर्गात येतात."

"तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

नातीला आठवत होतं. सगळ्या आळीला आठवत होतं. ती बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाली, "इतक्या ढळढळीत खुणा असताना चुकतात, म्हणजे डोळे मिटून चालत असणार."

"त्यांचे डोळे उघडे होते गं," आजोबा म्हणाले.

नातीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पुढची झाडं दोघांनी एकेक करून गाठली. रानात फक्त तिची हाक ऐकू येत होती, "आहे!" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आहे!"

ती दोघं सडकेवर आली तेव्हा बस सुटायच्या बेतात होती. चालकाने त्यांना पाहिलं आणि दार पुन्हा उघडलं. तो आजोबांना ओळखत होता.

"काय काका, तुम्ही या थांब्यावर, आणि संध्याकाळचे? वाट चुकलात की काय?" तो हसला. "तुम्हीच चुकलात तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?"

आजोबा दांडा धरून पायरीवरच थांबले. नातीला वाटलं, आता ते नेहमीसारखं काहीतरी चटकदार बोलतील आणि सगळी हसतील. बसमध्ये चार-पाच माणसं होती. ती ऐकत होती.

"वाट नाही चुकली," आजोबा म्हणाले. "वाट आखताना मी चुकलो. परत येणाऱ्याला खूणच ठेवली नाही. उद्या बाईंच्या घरी जाऊन हे सांगायचंय मला."

आजोबा आत जाऊन खिडकीशी बसले.

आणि नातीने काय केलं? ती त्यांच्यामागे गेली नाही. पायरीवरच उभी राहून तिने चालकाला विचारलं, "काका, बाईंकडे जाऊन झालं की आम्हाला परत इथे यायचंय, रंग घेऊन. उद्या दुपारची बस किती वाजता असते?"