फुंकर

निरांजनाचं ताट घेऊन अध्यक्षबाई मुलांनी बनवलेल्या कागदी रॉकेटकडे निघाल्या, तशा विज्ञानाच्या ढवळेबाई आडव्या आल्या. रॉकेटच्या पोटात बोटाएवढं इंजिन होतं आणि त्यात दारू ठासलेली होती. शेजारच्या खोक्यात तसलीच आणखी इंजिनं होती. शाळेच्या मैदानावर वारा सुटला होता.

"बाई, बाजूला व्हा," मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले. "ओवाळल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही."

"सर, सकाळपासून सांगतेय, इथे ज्योत आणायची नाही."

अध्यक्षबाईंनी हसून आणखी एक पाऊल टाकलं. ढवळेबाईंनी वाकून फुंकर मारली. निरांजन विझलं.

पुढच्या रांगेतली एक आई पुटपुटली, "अगं बाई, फुंकरीनं विझवलं. अपशकुन झाला."

"झाला तर मला लागू दे," ढवळेबाई म्हणाल्या. "दारूला शकुन कळत नाही, ठिणगी कळते." मग त्यांनी इंजिनांचं खोकं प्रयोगशाळेत पाठवलं, सगळ्यांना, अध्यक्षबाईंनासुद्धा, दोरीमागे पिटाळलं आणि लांब वायरच्या टोकाचं बटण दाबलं.

रॉकेट सूं करत वर गेलं, ठिपक्याएवढं झालं आणि लाल छत्री उघडून डुलत खाली आलं. मुलांनी मैदान डोक्यावर घेतलं.

"आधी त्यांची माफी मागा," मुख्याध्यापक म्हणाले.

ढवळेबाईंनी रॉकेटमधून कोमट, रिकामं इंजिन काढलं, ताटात निरांजनाशेजारी ठेवलं आणि ताटातली काडेपेटी अध्यक्षबाईंच्या हातात दिली.

"आता ओवाळा. आता त्यात पेटण्यासारखं काही उरलेलं नाही."