बरी कर

"टीचर, आरोहीची मम्मी माझ्यामुळे गेली," निषाद म्हणाला.

गाणं अर्धवट थांबलं. सतरंजीवरची मुलं त्याच्याकडे बघायला लागली. रजनीनं खंजिरी खाली ठेवली.

"असं कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, डोळे घट्ट मिटून मागायचं? मी उघडायचो. त्या स्कूटरवर मांजर बसायची, तिला बघायला." दुसरीतला पोरगा, पण हे सगळं त्यानं पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं. बहुतेक दोन-तीन दिवस मनात घोळवलं असावं.

डोळे मिटायला रजनीनंच सांगितलं होतं.

हिंजवडीजवळच्या नेऱ्यातल्या या इमारतीत वरच्या मजल्यावर दर रविवारी चर्चची, मोठ्यांची उपासना चालायची. खाली पार्किंगमध्ये गाड्या बाजूला सारून रजनी लहान मुलांची उपासना घ्यायची. गाणी, गोष्ट, प्रार्थना आणि शेवटी बिस्किटं. उन्हाळ्यात शुभांगीच्या पोटातल्या गाठीचं कळलं, तेव्हा रजनीनं मुलांना गोल करून बसवलं होतं. शुभांगी तिची मैत्रीण. दोघी नगरकडच्या, हिंजवडीत एकाच कंपनीत, रोज एकाच बसनं जाणाऱ्या. "मुलांचं देव ऐकतो," असं रजनी त्या दिवशी मुलांना म्हणाली होती. अगदी खात्रीनं म्हणाली होती. तेव्हापासून दर रविवारी मुलं हात जोडायची आणि एका सुरात म्हणायची, "देवा, आरोहीच्या मम्मीला बरी कर." शुभांगीची आरोही त्यांच्या मधोमध बसलेली असायची.

गुरुवारी शुभांगी गेली. शुक्रवारी तिला माती दिली.

शनिवारी रजनीनं चर्चच्या पाळकांना फोन केला. "उद्या मला जमणार नाही. मुलांना काय सांगू मी?"

"प्रभूत निजली, असं सांगा," पाळक म्हणाले.

"निजली म्हटलं तर पोरं रात्री झोपायला घाबरतील."

पाळक दमल्या आवाजात म्हणाले, "रजनीताई, दुसरं कुणी नाही हो."

म्हणून ती आली होती. आज नुसती गाणी घ्यायची, प्रार्थना घ्यायचीच नाही, असं ठरवून आली होती. हात जोडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

पायरीवर घरमालकीण गोजराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मुलांची गाणी आवडतात म्हणून दर रविवारी त्या काहीतरी काम काढून तिथं बसायच्या. त्यांनी हळूच हाक मारली. "बाई, त्ये लेकरू आलंय बगा. बाप वर गेला, ही हितंच हुबी हाय."

खांबाशी आरोही उभी होती. कुणीतरी तिच्या वेण्या घातल्या होत्या, एक वर, एक खाली. शुभांगीचा हात नव्हता तो.

आज ती येईल असं रजनीला वाटलंच नव्हतं. आता निषादनं निदान गप्प बसावं, एवढंच तिच्या मनात आलं. पण निषाद उठला. आरोहीपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी. मी डोळे उघडायचो."

आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. देव असल्या गोष्टींवर रागावत नाही, असं रजनीला म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही. पण तिनं तर डोळे मिटले होते. उपास केले होते. दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात गुडघे टेकले होते. तिचं तरी कुठं ऐकलं होतं?

ती निषादजवळ गेली. "तुझ्यामुळे नाही रे, राजा," ती म्हणाली. मुलं पुढचं ऐकायला थांबली होती. वर मोठ्यांचं गाणं सुरू झालं होतं, पेटीचा सूर जिन्यातून खाली येत होता. "देवानं आपलं का ऐकलं नाही, ते मला माहीत नाही. खरंच नाही माहीत."

मुलांच्या उपासनेत असं कधी कुणी बोललं नसेल. बोलल्यावर तिला आत काहीच उरलं नसल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारपासून हे बंद करायचं, तिनं ठरवलं. पुन्हा या मुलांसमोर उभं राहायचं नाही.

"ऐकलं त्यानं," आरोही म्हणाली.

रजनीनं वळून बघितलं.

"माझं ऐकलं. तुम्ही सगळे बरी कर म्हणायचात. मी मनात म्हणायचे, मम्मीला घेऊन जा."

निषाद एक पाऊल मागं सरला. गोजराबाईंचे हात थांबले. कोपऱ्यातली एक मुलगी रडायला लागली.

रजनी तिथंच फरशीवर बसली. तिनं आरोहीला ओढून मांडीत घेतलं. पोर ताठ होती, लाकडासारखी. रडत नव्हती.

"असं का गं मागितलंस, बाळा?"

"मम्मीनंच सांगितलं. तिला लई दुखायचं. म्हणाली, पप्पांना सांगू नको, रजनीमावशीला पण सांगू नको." आरोहीनं बाहीला नाक पुसलं. "म्हणाली, मोठ्यांना हे मागायला जमायचं नाही."