हे खरे आहे काय?

यशोदेची गोदावरी, गोदावरीची रुख्मिणी, रुख्मिणीची योगिनी, आज आमदार. रुख्मिणी बाळंतपणातच गेली. केनवडच्या शेजारघरातल्या फरहतने योगिनीला आपल्या दुधावर वाढवले. तीच फरहत पुढे एका रात्री सरकारी दवाखान्यात डॉक्टरावाचून वारली. योगिनीने विधानसभेत लेखी विचारले, ‘त्या रात्री डॉक्टर गैरहजर होते, हे खरे आहे काय?’ मंत्र्यांचे उत्तर आले, ‘हे खरे नाही.’ फरहतचे पती गुलाम नबी ते ऐकून म्हणाले, “मंग फरहत मेलीच नाही म्हन. चहा ठेवाले सांग तिले.” योगिनीने दर अधिवेशनात तोच प्रश्न दिला आणि प्रत्येक उत्तर त्यांच्या ओसरीवर येऊन वाचले, दुसरे कोणी तिथे फिरकत नव्हते. आज तिने वाचले, ‘हे खरे आहे.’ गुलाम नबींनी कागदावरून बोटे फिरवली. “फरहतचं दूध पुरं फिटलं, बेटी,” ते म्हणाले. “आता इकडं कायले येशीन?”