पेटीतली लेक

हाकोनेच्या डोंगरातल्या गेंकिचींच्या कारखान्यात 'पेटीतली लेक' नावाचं लाकडी कोडं बनायचं. चौकटीत मधोमध लेकीचा मोठा ठोकळा, भोवती आईबाप, आजीआजोबा, नोकरचाकर. एकही ठोकळा न उचलता, नुसते सरकवत लेकीला खालच्या फटीतून बाहेर काढायचं. तयार झालेलं प्रत्येक कोडं त्यांची मुलगी शिनो आधी सोडवून बघे, मगच ते दुकानात जाई. "मेले आजोबा पुन्हा आडवे आले!" म्हणत ती जेवणसुद्धा विसरायची.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. आज होणाऱ्या सासूबाई मुद्दाम ओदावाराहून आल्या आणि त्यांनी सुनेसाठी असंच एक कोडं करून मागितलं.

"आमच्याकडे बायका उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, गेंकिची-सान. पोरीला विरंगुळा नको का?"

"मग दोन-चार न्या," गेंकिची हसले. "एखादं तर ती चहा गार व्हायच्या आत सोडवते."

दाराआड चहा ओतणारी शिनो सुखावली. सासूला आपली आवड ठाऊक आहे, मग आता कसली भीती!

"तेच तर नको आहे. थोरल्या सुनेनं कोडं सोडवलं आणि आठवड्याभरात घरातून चालती झाली. या वेळी चौकटीला फटच ठेवू नका."

शिनोचा हात थांबला. बाबा आता ताडकन उठतील, हे लग्न मोडतील, म्हणून ती दाराला कान लावून ऐकत राहिली.



गेंकिचींनी समोरच्या कोड्याच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि मग हलकेच विचारलं, "फट बुजवायला लाकूड कोणतं वापरू, बाईसाहेब?"