आरोपीची बाजू

राजाची मिशी पहिल्याच वाक्याला गळून पडली. राजाने तिच्यावर पाय दिला, हात मागे बांधले आणि तो किल्ल्या खुळखुळवत येरझाऱ्या घालायला लागला. हॉल फिसकन हसला. अशी चाल शाळेत एकाच माणसाची होती. ते हेडसर पहिल्या रांगेत कान लाल करून बसले होते.

इतिहासाच्या बाई पडद्याआडून बघत होत्या. आज त्यांचा निरोप समारंभ. बाई सातवीला इतिहास शिकवायच्या तो कोर्ट भरवून. राजाला पिंजऱ्यात उभं करायचं, साक्षी काढायच्या, उलटतपासणी घ्यायची. हे हेडसर आले आणि आल्या आल्या त्यांनी कोर्ट बंद केलं. म्हणे, इतिहास म्हणजे सनावळ्या, बाकी सगळी नाटकं. वर बाईंचा वर्ग हलवला अडगळीच्या खोलीत, एकच हात उरलेल्या सांगाड्याशेजारी. तेव्हापासून बाई दात धरून होत्या.

म्हणून हे शेवटचं कोर्ट. आरोपी, दरबारात प्रश्न विचारायला बंदी घालणारा राजा. सरकारी वकील, वर्गातला सगळ्यात तोंडाळ मुलगा. बचावाला मात्र बाईंनी मुद्दाम गोगलगाय दिली, हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी मुलगी. आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हा बाईंचाच नियम. तोही पाळला जाणार होता आणि हेडसरांची शोभाही होणार होती.

तोंडाळाने राजाची पार सालटी काढली. पालकांनी टाळ्या पिटल्या. बाईंना पेन्शनपेक्षा गोड वाटलं.

मग गोगलगाय उठली.

"मी राजांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भेटले," ती म्हणाली. हॉल खदखदला. "बाई म्हणतात ना, आरोपीला जाऊन विचारायचं. राजे म्हणाले, मी याच शाळेत सातवीत होतो. एकदा विचारलं, हरलेल्या राजाचं पुढे काय झालं? बाई तेव्हा नव्या होत्या. म्हणाल्या, शहाणपणा नको, सनावळ्या पाठ कर. आणि तास संपेपर्यंत मला अडगळीच्या खोलीत उभं केलं. सांगाड्यासमोर."

हसू विरलं. हेडसर आज पहिल्यांदाच खुर्चीत आरामात रेलले.

बाईंनी पडदा घट्ट धरला. सांगाडा त्यांना लख्ख आठवला. तेव्हा त्याला दोन्ही हात होते. त्या पोराचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

गोगलगाय पडद्याकडे वळली.

"बाई, निकालाच्या आधी तुमची बाजू ऐकायची राहिलीय."